तळाच्या अकरा टेस्ट

"हा मासळी बाजार नाहीये. जरा हळू बोल."

आमच्या टीमचे प्रमुख समीर सर एवढंच बोलले. मिटिंग रूममध्ये आम्ही सात जण होतो. पडद्यावर टेस्टची यादी लावलेली. मी उभी राहून सांगत होते, तळाच्या अकरा टेस्ट वर घ्या, तीन रिलीज झाले, त्या एकदाही चालवलेल्या नाहीत. मी भांडत नव्हते. माझा आवाजच मोठा आहे. आमच्या घरात सगळ्यांचा मोठा आहे.

सगळे हसले. माझ्या शेजारी बसणारी ऋचाही हसली आणि लगेच तिने मान खाली घातली. माझी आय पनवेलच्या मासळी बाजारात बसते, हे त्या ऑफिसात एकट्या ऋचाला माहीत होतं. एकदा ती तिच्या आईबरोबर कोलंबी घ्यायला आली होती आणि मी आयच्या मागे बसून बर्फ फोडत होते. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगू नको, असं मीच तिला म्हटलं होतं.

आणि मीही हसले.

मला सांगायचं आहे ते हे. सर काय बोलले ते नाही. तसं सगळेच बोलतात. वर्गात गडबड झाली की बाई बोलतात, सोसायटीच्या सभेत चेअरमन बोलतात. सरांना माझ्या आयबद्दल माहीत होतं की नव्हतं, मला आजही ठाऊक नाही. बहुतेक नसेलच. सहज तोंडातून निघालं असेल. पण अख्खी खोली माझ्या आयला हसली आणि त्यात माझंही हसू होतं. दात दाखवून हसले. मग खाली बसले आणि आवाज बारीक करून म्हणाले, "ठीक आहे सर, तीनमध्येच ठेवते."

ते आठवलं की माझी मलाच किळस येते.

तो शब्द मला नवा नव्हता. सातवीत होते. बाई वर्गात आल्या तेव्हा कल्ला चालला होता. बाई म्हणाल्या, "वर्ग आहे की मासळी बाजार?" आणि सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी गप्प बसलेली होते. त्या दिवशी तर तोंडही उघडलं नव्हतं. एकीने नाकाला रुमाल लावला. बाईंनी ते पाहिलं आणि फळ्यावर तारीख लिहायला घेतली. मी घरी येऊन लिंबाच्या फोडीने कोपरापर्यंत हात घासले. आयने विचारलं, "काय झाला गो?" मी म्हटलं, काही नाही.

तेव्हापासून मी आवाज बारीक करायला शिकले. शाळेत बारीक, कॉलेजात बारीक, इंटरव्ह्यूला बारीक. घरात आय, बाहेर आई. नोकरीला लागले तेव्हा एक फॉर्म भरायचा होता. त्यात रकाना होता, आईचा व्यवसाय. मी लिहिलं, गृहिणी.

ती बाई अंधारात उठते. मोऱ्याच्या बंदरावरून मासळीचे टेम्पो येतात, तिथे बोली लावते, पाटी डोक्यावर घेऊन बाजारात येते आणि दुपारी दोनपर्यंत ओल्या फरशीवर बसते. बा गेल्यापासून तर घर तिच्या एकटीवरच आहे. त्या पाटीवर मी इंजिनियर झाले. आणि मी लिहिलं, गृहिणी.

आता आमचं काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

तळोज्याला केमिकलचे कारखाने आहेत, हे पनवेलमध्ये कुणाला सांगावं लागत नाही, नाकाला कळतं. त्यातल्या एका कारखान्यासाठी आमची कंपनी इशारा देणारी सिस्टिम बनवते. गॅस गळला तर आजूबाजूच्या लोकांना फोनवर कळवायचं. सिस्टिमचे तीन भाग. पहिला भाग कारखान्यात बसवलेल्या यंत्रांवरून हवेत किती गॅस आहे ते वाचतो. दुसरा वारा बघतो आणि कुठल्या वस्तीला धोका आहे ते ठरवतो. तिसरा लोकांना कळवतो. तीन भाग, तीन टीम. प्रत्येक टीम म्हणते, आमचा भाग चोख आहे. आणि असतोही. एकेकटा तपासला तर चोखच असतो. गडबड होते ती जोडल्यावर. माझा बा होड्यांची डागडुजी करायचा. तो म्हणायचा, "होरी फलीन नाय फुटत, सांद्यान फुटते." हे सांधे तपासायचं काम माझं. आमच्या धंद्यात त्याला इंटिग्रेशन टेस्टिंग म्हणतात.

एकूण टेस्ट सहाशे चाळीस. सगळ्या चालवायला पाच दिवस लागतात. सुधारलेली सिस्टिम कारखान्याच्या ताब्यात द्यायची, म्हणजे रिलीज करायची, त्याआधी आम्हाला मिळतात दोन दिवस. म्हणजे निवड आलीच. काय आधी तपासायचं, काय मागे ठेवायचं, काय सोडून द्यायचं. यादीत प्रत्येक टेस्टपुढे एक आकडा असतो. एक म्हणजे आधी चालवा. दोन म्हणजे वेळ उरला तर चालवा. तीन म्हणजे पुढच्या वेळी. पुढच्या वेळीही दोनच दिवस असतात. तीनमध्ये गेलेली टेस्ट मी परत वर आलेली पाहिलेली नाही.

ही निवड मला कॉलेजात शिकवली, पण त्याच्या किती आधी ती मला येत होती. सुट्टीत आयजवळ बसायचे तेव्हा पाटी तिच्यासमोर उलटी व्हायची आणि तिचे हात चालायचे. पुढे बोंबील. बोंबील उन्हं वर यायच्या आत पाणी सोडतो. त्याच्या मागे मांदेली, मग कोलंबी. पापलेट आणि सुरमई बर्फाखाली, सगळ्यात शेवटी. गिऱ्हाईक आल्या आल्या पापलेट कुठे आहे विचारायचं, आणि मी आयला म्हणायचे, अगं पापलेट पुढे लाव ना, चांगलं दिसेल. आय म्हणायची, "देखना मावरा थांबतं. गरीब मावरा थांबत नाय." जी मासळी आधी नासते ती आधी काढायची. कोण काय बघायला आलंय, ते मागून.

या वेळची यादी मी बनवली तेव्हा आयसारखीच बनवली. आधीच्या याद्यांत तळाला, तीनमध्ये पडलेल्या त्या अकरा टेस्टना मी एक नंबर दिला होता.

कारखान्याच्या आजूबाजूला दोन तऱ्हेचे लोक राहतात. नव्या टॉवरमधले, त्यांच्या फोनमध्ये कारखान्याचं ॲप आहे. गॅस गळला की ॲप वाजतं. आणि जुन्या गावातले, खाडीकडच्या आळ्यांमधले. त्यांच्याकडे बटणांचे फोन. ॲप नाही. त्यांना सिस्टिम स्वतः फोन लावते आणि रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवते. माझ्या अकरा टेस्ट त्या फोनच्या होत्या. फोन खरोखर लावायचा, वाजू द्यायचा, उचलायचा, सगळं ऐकायचं, ऐकलं म्हणून एकचं बटण दाबायचं, मग गळती वाढली असं दाखवायचं आणि दुसऱ्या फोनची वाट बघायची. अकरा टेस्टना अर्धा दिवस जातो. ॲपच्या टेस्ट चुटकीसरशी होतात.

"अर्ध्या दिवसात मी ॲपच्या दोनशे टेस्ट काढतो," समीर सर म्हणाले होते. "तू अकरा काढणार. रिपोर्टमध्ये काय दिसेल? आणि क्लायंट काय बघतो? हातातलं ॲप बघतो. तुझा तो बटणवाला फोन कोण बघणार आहे?"

"ज्यांच्याकडे आहे ते, सर."

त्यावरच ते मासळी बाजाराचं वाक्य आलं होतं.

मी जागेवर येऊन यादी उघडली. अकरा ओळी. प्रत्येकीपुढचा एक खोडला आणि तीन टाकला. यादीत शेवटी एक रकाना असतो, बदल कुणी केला. तिथे आपोआप नाव पडतं. माझं नाव अकरा वेळा पडलं.

आणखी एक गोष्ट. त्या रेकॉर्डमधला आवाज माझा होता.

तिसरा भाग तयार झाला तेव्हा चाचणीपुरता मराठी आवाज हवा होता. पुण्याच्या एका बाईंकडून नंतर नीट रेकॉर्ड करून घ्यायचं ठरलं होतं. तोवर कुणीतरी बोला, म्हणून मला छोट्या खोलीत बसवलं. ऐकून समीर सर म्हणाले, "उच्चार जरा गावठी आहे, पण टेस्टिंगला चालेल." पुण्याच्या बाईंचं कामही कुठल्या तरी यादीत तीन नंबरला गेलं असणार. ते झालंच नाही. माझा आवाज तसाच राहिला.

मी मात्र खूश होते. तळोज्याच्या बाजूला खाडीकाठच्या एका गावात माझी मावशी दिलेली आहे. सुकट-बोंबील वाळवून विकते. मी तिला जाऊन सांगितलं, कारखान्याचा फोन आला की त्यात मी बोलणार. मावशीने अख्ख्या आळीला सांगितलं. "आमच्या पोरीचा आवाज हाय," म्हणून.

मे महिन्यात कारखान्याने रंगीत तालीम ठेवली. गॅस गळला असं समजून सगळी सिस्टिम खरोखर चालवायची. बाराच्या उन्हात शाळेच्या मैदानात मांडव, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. तीन निरोप जायचे होते. पहिला: घरात थांबा, दारं-खिडक्या बंद करा, फटींना ओली कापडं लावा, फोन मोकळा ठेवा, पुढची सूचना येईल. वीस मिनिटांनी दुसरा: धोका वाढला आहे, घर सोडा, शाळेच्या मैदानात या. शेवटी तिसरा: धोका टळला. गळ्यात ओळखपत्र अडकवून मी मैदानाच्या दारात उभी होते. येणारी माणसं मोजायचं काम मला होतं.

दुसरा निरोप गेला आणि टॉवरमधली माणसं आली. छत्र्या घेऊन, पोरं घेऊन, फोटो काढत. गावातलं कुणी आलं नाही. मी रस्त्याकडे बघत राहिले. एकही नाही.

कारखान्याचे साहेब माईकवर म्हणाले, "गावातल्या लोकांनी सहकार्य केलेलं नाही, याची खंत वाटते." खाली उतरून समीर सरांना हळूच म्हणाले, "यांना सांगून कळत नाही हो." माईकवरून बोलले नाहीत, पण मी चार हातांवर उभी होते. समीर सर म्हणाले, "अपेक्षितच होतं." आणि दोघे जेवायला गेले.

मी मावशीला फोन लावला. तिने कापला. परत लावला. परत कापला. माझी मावशी माझा फोन कधी कापत नाही. तिसऱ्यांदाही कापला तेव्हा मी मैदान सोडलं. रिक्षा पकडली आणि गावात गेले. तोवर पावणेतीन झाले होते.

आळीत चिटपाखरू नव्हतं. सुकटीच्या चटया तशाच पसरलेल्या, त्यावर कावळे. कावळे हाकलायला कुणी नाही. सगळी दारं बंद, सगळ्या खिडक्या बंद. आणि प्रत्येक दाराच्या खाली ओली साडी, ओली लुंगी, ओलं गोणपाट ठासलेलं. कुठे कुठे ते वाळून कडक झालं होतं. माणसं कामावर गेलेली. आत होत्या बायका आणि म्हातारी माणसं. पत्र्याची घरं. मेचं ऊन.

यांना सांगून कळत नाही म्हणे. यांना सांगितलं ते यांनी शब्दन् शब्द केलं होतं.

मी मावशीचं दार वाजवलं. आतून बारीक आवाज आला, "कोन हाय? दार उघरू नको, गॅस हाय."

मग मी आळीच्या मध्यावर आले आणि ओरडले. सातवीपासून गिळलेला सगळा आवाज काढून ओरडले. आय बाजारात या टोकावरून त्या टोकाच्या बाईला हाक मारते तशी. "ओ मावशी, ओ काकी, बाहेर या. काय नाय झाला. गॅस नाय, काय नाय. बाहेर या." एक दार उघडलं. मग दुसरं. त्यांनी आवाज ओळखला होता. त्याच आवाजाने त्यांना आत बसवलं होतं.

मावशी उंबऱ्यातच बसली. लुगडं घामाने अंगाला चिकटलेलं. तिची सासू आत खाटेवर पडली होती, डोळे अर्धे उघडे, हाक मारली तरी ओ देत नव्हती. आम्ही तिला ओट्यावर आणलं, डोक्यावर पाणी मारलं, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजलं. बऱ्याच वेळाने तिने मान हलवली. तोवर आळीतल्या सगळ्या बायका गोळा झाल्या होत्या.

मी मावशीला विचारलं, "माझा फोन का कापलास?"

"तूच बोललीस ना गो, फोन मोकला ठेव म्हनून. कोनाचाच उचलला नाय. मना वाटला, तू परत फोन करशील. घर सोरून निंगा म्हनून सांगशील. मी वाट बघत बसली."

मी सांगितलं, तो खोटा गॅस होता, तालीम होती. तालमीची सूचना आठ दिवस आधी दिली होती. फक्त ॲपवर, आणि फोनवरही कळवलं असणार असं मी धरून चालले होते.

मावशी म्हणाली, "खरा असता तं?"

तिने ओरडून विचारलं नाही, रडून नाही. सुकट कितीला विचारावं तसं विचारलं. मला उत्तर माहीत होतं. खरा असता तर आळी माझ्या आवाजाची वाट बघत मेली असती.

दुसऱ्या दिवशी मी लवकर ऑफिसला गेले. टेबलावर बटणांचे सहा फोन मांडले. यादी उघडली आणि तळाच्या अकरा टेस्ट आधी चालवल्या. कुणाला विचारलं नाही. अर्धा दिवस गेला. अकरापैकी सात फेल.

कारण इतकं साधं होतं की मला हसू आलं, आणि मग रडू. पहिला भाग प्रत्येक गळतीला एक नंबर देतो. गळती वाढली, कमी झाली, संपली, तरी नंबर तोच. फोन लावणारा तुकडा तो नंबर बघतो आणि समजतो, याबद्दल मी एकदा फोन केलाय, परत कशाला लोकांना त्रास. कुणीतरी चांगल्या मनानेच ते लिहिलं असेल. ॲपचा तुकडा असं काही बघत नाही. म्हणून ॲपवाल्यांना तिन्ही निरोप मिळतात आणि फोनवाल्यांना फक्त पहिला. घरात थांबा. त्यानंतर काहीच नाही, कधीच नाही. तिन्ही भाग चोख होते. सांधा फुटलेला होता. माझ्या अकरांपैकी पहिल्याच टेस्टने तो दाखवला. तीन रिलीज आधीही दाखवला असता.

समीर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तालमीचा रिपोर्ट होता. त्यात एक ओळ होती: स्थानिक ग्रामस्थांचे सहकार्य अपुरे. खाली सह्यांचे रकाने. टेस्टिंगचा रकाना रिकामा.

"इथे सही कर. सोमवारी पुढचा रिलीज आहे."

मी म्हटलं, "सर, अकरातल्या सात फेल आहेत. गावात दुसरा फोन गेलाच नाही."

"त्या तीनमध्ये आहेत. तीनमधलं फेल्युअर रिलीज अडवत नाही. हा नियम आहे. पुढच्या वेळी बघू."

"ती ओळ खोटी आहे. लोकांनी सांगितलं तसंच केलं. एक म्हातारी मरता मरता वाचली."

सर खुर्चीत मागे टेकले. त्यांना राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि बोट ठेवलं. "या अकरा तीनमध्ये कुणी टाकल्या? नाव वाच."

माझं नाव. अकरा वेळा.

खोटं काहीच नव्हतं त्यात. हात माझाच होता. तो माणूस माझ्यावर हसला होता, पण तीन हा आकडा त्याने टाकला नव्हता. त्याने मला हसवलं आणि माझ्याकडून टाकून घेतला. हे असंच चालतं. वरच्याला हात घाण करावा लागत नाही. खालच्याला एकदा लाज वाटायला लावलं की खालचा स्वतःच्या हाताने स्वतःच्या माणसांना यादीच्या तळाला नेऊन ठेवतो.

"माझं नाव आहे," मी म्हटलं. "म्हणूनच सही करणार नाही."

"हळू बोल."

"हळू बोलले म्हणूनच हे झालं."

काचेच्या बाहेर माना वर झाल्या. ऋचा उभी राहिली होती. मी केबिनचं दार उघडलं आणि उंबऱ्यात उभं राहून बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझी आय मासळी बाजारात बसते. पनवेलच्या. तिथे सगळं ओरडून चालतं, कारण तिथे लपवून काही विकता येत नाही. गिऱ्हाईक माशाचा कल्ला उघडून बघतं. माझ्या आयने नासका मावरा ताज्याच्या खाली घालून कधी विकला नाही. तुम्ही मला तेच करायला सांगताय."

कुणी हसलं नाही. ऋचा खाली बसली. तिचाही दोष नाही म्हणा, तिच्या मागे तिचं घर आहे. पण मला ते दिसलं आणि ते मी विसरणार नाही.

जागेवर येऊन मी अकरा टेस्टचे निकाल मेलमध्ये घातले. कुठला फोन, किती वाजता, काय ऐकू आलं, काय आलं नाही. मेल टीमला पाठवला, समीर सरांना पाठवला आणि कारखान्याच्या सेफ्टीच्या साहेबांनाही पाठवला. थेट क्लायंटला लिहायचं नाही हा आमच्याकडचा नियम. तो मी मोडला. मग यादी उघडली आणि अकरा ओळींपुढचा तीन खोडून एक टाकला. माझं नाव परत अकरा वेळा पडलं.

तासाभराने यादी उघडायला गेले तर उघडेना. मला त्या कामावरून काढलं होतं. संध्याकाळी मेल आला. खुलासा मागितला आहे. ऑफिसमध्ये आरडाओरडा करणे, शिस्तभंग, क्लायंटशी परस्पर संपर्क. तीन दिवसांत लेखी. कारखान्याकडून मला उत्तर आलेलं नाही. रिलीज सोमवारीच आहे, असं ऋचाने फोन करून सांगितलं. टेस्टिंगच्या रकान्यात सही करायला आता तिला सांगितलं आहे. "मी काय करू?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आधी अकरा चालव. मग ठरव." फोन तिनेच ठेवला.

आयला सगळं सांगितलं. मासळी बाजाराचं वाक्यही सांगितलं, आणि मी हसले तेही. आय मांदेली साफ करत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "हसलीस?" मी म्हटलं, "हो." मग विळी सरकवली आणि म्हणाली, "परत हसू नको." तिने मला जवळ घेतलं नाही. घ्यायलाही नको होतं.

खुलासा मी लिहिला आहे. चार ओळींचा आहे. होय, मी ओरडले. होय, क्लायंटला मीच लिहिलं. सात टेस्ट फेल आहेत, त्या पास झाल्याशिवाय माझी सही मिळणार नाही, आणि माझी सही नको असेल तर माझा आवाजही त्या सिस्टिममधून काढा. चौथी ओळ वेगळी आहे. माझ्या जुन्या फॉर्मवर आईचा व्यवसाय चुकीचा लिहिला गेला आहे, तो दुरुस्त करावा: मासळी विक्री, पनवेल बाजार.

ते आवाज काढणार नाहीत. त्यालाही वेळ लागतो, आणि ते काम कुठल्या नंबरला जाईल ते मला माहीत आहे. म्हणून रिलीजची वाट मी बघणार नाही. उद्या सकाळी मावशीच्या आळीत जाणार आहे. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, एकेका दारात. सांगणार आहे की फोनमध्ये मी बोलले तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. घरात थांबा म्हणेन, पण निघा सांगायला माझा दुसरा फोन येणार नाही. त्यांच्या सह्या, नाहीतर अंगठे घेईन. तो कागद घेऊन त्या बायकांबरोबर कारखान्याच्या गेटवर उभी राहीन आणि जोवर आमच्यासमोर, आमच्या बटणांच्या फोनवर दुसरा निरोप वाजत नाही तोवर हलणार नाही. नोकरी राहील, न राहील.

गेटवरचा माणूस म्हणेल, गोंधळ करू नका, हा काय मासळी बाजार आहे का? म्हणू दे. मी आयला बरोबर नेणार आहे.